अद्भुताची हमी : नव्या प्रणय-अद्भुत कादंबरीविषयी

लोकप्रिय कादंबरीविषयी समीक्षेची भूमिका बहुधा आधीच ठरलेली असते. प्रणयकथा असेल तर ती भावविवशतेला खतपाणी घालणारी आणि अद्भुतकथा असेल तर ती वास्तवापासून पळ काढणारी, असे निर्णय संहिता न उघडताही देता येतात. हे दोन्ही प्रकार ज्यात एकवटले आहेत आणि ज्याला इंग्रजीत अलीकडे 'रोमँटसी' असे जोडनाव मिळाले आहे, त्या कादंबरीप्रकाराच्या वाट्याला साहजिकच दुहेरी उपेक्षा येते. त्याचा वाचक मात्र असा सरसकट निर्णय देत नाही. अमुक कादंबरी हातातून ठेववत नाही पण नायक पटत नाही; तमुक कादंबरीची पहिली शंभर पृष्ठे कंटाळवाणी आहेत पण शेवट सारे भरून काढतो; तिसरीत लेखिकेने चक्क फसवले, असे तो निःसंकोचपणे सांगतो. या अभिप्रायांत परिभाषा नसते, परंतु निकष असतात. 'नायक पटत नाही' आणि 'फसवणूक झाली' या दोन तक्रारींचा नीट अर्थ लावला, तर या कादंबरीप्रकाराच्या मर्मापर्यंत पोचता येते.

वाचकाचा असा अभिप्राय गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात दाखवून दिले. अमेरिकेतील ज्या गावाला त्यांनी 'स्मिथटन' हे कल्पित नाव दिले, तेथे पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक स्त्री नव्या प्रणयकादंबऱ्यांविषयीची आपली मते पत्रकातून वाचकांना कळवीत असे, आणि तिच्या शब्दावर विसंबून अनेक स्त्रिया पुस्तके निवडीत. या वाचकांचे निकष पक्के होते. शेवट सुखाचा हवा. प्रेम हळूहळू आणि सातत्याने वाढत गेलेले दिसावे. नायिका बुद्धिमान हवी. नायक दुबळा नसावा, तसाच क्रूरही नसावा. वाचनाचा वेळ हा संसाराच्या रगाड्यातून स्वतःसाठी काढलेला वेळ आहे, असेही त्या सांगत. रॅडवे यांनी या वाचनाचा आदर राखून एक मूलगामी आक्षेप घेतला. आदर्श प्रणयकथेत नायकाचा आरंभीचा तुसडेपणा, प्रसंगी त्याचा कठोरपणाही, अखेरीस दडलेल्या प्रेमाचे चिन्ह म्हणून उलगडतो. नायिका, आणि तिच्याबरोबर वाचकही, मागच्या घटनांचे पुनर्वाचन करते. या पुनर्वाचनात पुरुषाचे वर्तन फारसे बदलत नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलतो.

सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) आणि 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (२०१६) या लागोपाठच्या दोन कादंबऱ्या या आक्षेपाच्या प्रकाशात एकत्र वाचायला हव्यात. पहिलीचा सांगाडा 'ब्यूटी अँड द बीस्ट' या परिकथेचा आहे. दारिद्र्यात कुटुंबाला पोसणारी फेयरा शिकारीत एका लांडग्याला मारते. तो मायावी 'फे' वंशाचा पुरुष निघतो, आणि जिवाच्या बदल्यात जीव या न्यायाने तिला टॅमलिन या अधिपतीच्या प्रदेशात जाऊन राहावे लागते. सक्तीच्या या वास्तव्यातून प्रेम उपजते. त्या प्रेमासाठी ती अमरान्था या क्रूर सत्ताधारिणीच्या दरबारात तीन जीवघेण्या परीक्षा देते, मरते आणि अमर देह घेऊन परतते. प्रणयकथेने वाचकाशी केलेला करार येथे पूर्ण झालेला असतो.

दुसरी कादंबरी हा सुखान्त उसवते. परीक्षांच्या आठवणींनी फेयराची झोप उडालेली आहे, रात्री तिला ओकाऱ्या होतात, एकेकाळी जीव की प्राण असलेले चित्रकलेचे रंग तिला हातात घेववत नाहीत. टॅमलिनला हे दिसते, पण तो ते पाहत नाही. त्याची काळजी हळूहळू पहाऱ्याचे रूप घेते आणि एके दिवशी तो तिला वाड्यात कोंडतो. हा या मालिकेतील सर्वांत समर्थ भाग होय. स्मिथटनच्या वाचकांच्या आवडत्या कथांत कठोरपणा प्रेम म्हणून पुन्हा वाचला जात होता. येथे प्रेम म्हणून स्वीकारलेले संरक्षण बंदिवास म्हणून पुन्हा वाचले जाते. जुन्या सूत्राला त्याच सूत्राच्या आतून दिलेले हे उत्तर आहे. पहिल्या कादंबरीच्या नायकावर लोभ जडलेल्या वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटू शकते. परंतु ही फसवणूक कादंबरीला मोठी करणारी आहे, कारण तिच्यामुळे वाचकाला आपल्याच पूर्वीच्या पसंतीची झाडाझडती घ्यावी लागते.

खरी तक्रार पुढे सुरू होते. टॅमलिनची जागा घेणारा रायसँड पहिल्या कादंबरीत कसा वागला होता? फेयराचा जखमी हात बरा करण्याच्या मोबदल्यात त्याने दर महिन्याचा एक आठवडा मागून घेतला, मायावी मद्य पाजून आणि अंग रंगवून तिला भर दरबारात नाचवले. दुसऱ्या कादंबरीत या साऱ्याचा खुलासा मिळतो: ते सर्व तिला वाचवण्यासाठीच होते. म्हणजे एका नायकाच्या बाबतीत उलटवलेले पुनर्वाचन दुसऱ्याच्या बाबतीत मुकाट्याने पूर्वपदावर येते. या खुलाशावर कळस चढतो तो 'बंधा'च्या कल्पनेने. फे वंशात काही जोड्या एका गूढ बंधाने बांधलेल्या असतात आणि फेयरा व रायसँड ही तशी जोडी आहे. प्रणयकथेचा कणा असलेला प्रश्न, हा माणूस खरोखर माझा आहे का, याचे उत्तर आता माणसाच्या वर्तनातून शोधावे लागत नाही. ते विश्वाच्या घटनेतच लिहिलेले असते.

लेखिकेला या अडचणीची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हा बंध नाकारता येतो, असे कादंबरीत स्पष्ट सांगितले आहे. रायसँडचे आईवडील असे बांधलेले असूनही विजोड होते, हेही सांगितले आहे. बंधाची गोष्ट लपवली गेली म्हणून फेयरा संतापते, आणि त्या संतापाला कादंबरी पुरेशी जागा देते. तरीही नकाराची शक्यता येथे माहिती म्हणून येते, घटना म्हणून येत नाही. नायिकेचे मन आणि विश्वाचा नियम यांचे दान एकाच बाजूला पडल्यावर तिने स्वतः नेमके काय निवडले, हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. 'नायक पटत नाही' या अभिप्रायाचे मूळ येथे आहे. नायकाला पटवून देण्याचे काम कादंबरीने अद्भुतावर सोपवलेले असते.

अद्भुताने नायकाची बाजू सावरावी, ही युक्ती भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारतातील दुष्यंताला शकुंतला आठवत असते आणि तरीही तो तिला भरसभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणून त्याला या दोषातून सोडवले. मात्र 'शाकुंतला'त शाप हा हिशोबाचा शेवट ठरत नाही. अंगठी सापडल्यावर दुष्यंताला जे भोगावे लागते, त्याने सहावा अंक भरून गेला आहे. शापाने अपराध हलका झाला तरी पश्चात्ताप पुसला गेला नाही. अद्भुताने दिलेल्या सवलतीची किंमत नाटकाने वसूल केली. मास यांच्या दुसऱ्या कादंबरीत रायसँडच्या कृत्यांची किंमत मुख्यतः तो स्वतः किती सोसत होता याच्या निवेदनातून चुकवली जाते. ज्या दरबारात फेयरा नाचली, तो दरबार तिच्या बाजूने पुन्हा उभा राहत नाही.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे पाहिले, तर या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा'च्या (१८६८) प्रस्तावनेत अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागतो, याचे अत्यंत प्रांजळ स्पष्टीकरण दिले आहे. विवाहाच्या रूढीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदू माणसाच्या आयुष्यात मन गुंतवील असे काही घडत नाही. रोजचा अनुभव लिहिला तर त्यात रस उरत नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताकडे वळणे भाग पडते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढील काळाच्या वास्तववादी समीक्षेला ही कबुली दुबळेपणाची वाटली. परंतु तिचा अर्थ वेगळाही लावता येतो. ज्या समाजात बालविवाह रूढ होता आणि जोडीदार निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, तेथे स्त्रीपुरुषांनी एकमेकांना पाहावे, इच्छावे, शोधावे, यासाठी कल्पित राज्य आणि अद्भुत घटना यांवाचून दुसरी जागा नव्हती. अद्भुताने तेथे निवडीला अवकाश दिला.

आजच्या प्रणय-अद्भुत कादंबरीत हेच नाते उलट झालेले दिसते. ती ज्या समाजात लिहिली जाते, तेथे जोडीदाराची निवड हा व्यक्तीचा हक्क मानला जातो आणि त्या निवडीची जबाबदारीही तिच्यावरच पडते. निवड चुकू शकते, माणूस बदलू शकतो, आज दिलेला शब्द उद्या निरर्थक ठरू शकतो. या अनिश्चिततेने थकलेल्या मनाला बंधाची कल्पना विसावा देते. रिसबुडांच्या काळी अद्भुताने निवडीची वाट मोकळी केली. आज ते निवडीच्या ओझ्यातून सुटकेची हमी देत आहे. या कादंबऱ्यांच्या विलक्षण लोकप्रियतेचे एक कारण या हमीत शोधता येईल, आणि त्यांच्या कलात्मक मर्यादेचे कारणही तेथेच सापडेल.

रेबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग'मध्ये (२०२३) ही हमी अधिक उघड आहे, पण तिच्याशी झगडाही अधिक आहे. ग्रंथपालासारखे लेखक-अभ्यासकाचे आयुष्य इच्छिणाऱ्या व्हायोलेटला तिची सेनापती आई ड्रॅगनस्वारांच्या युद्धविद्यालयात ढकलते. झेडनच्या वडिलांनी बंड केले होते, त्याबद्दल त्यांना देहान्त शिक्षा झाली आणि त्या बंडाच्या दमनात व्हायोलेटच्या आईचा वाटा होता. वैराचे असे भक्कम कारण उभे केल्यावर लेखिका एक सोयीस्कर योजना करते: व्हायोलेटचा ड्रॅगन टेर्न आणि झेडनची ड्रॅगन स्गेल ही जोडी निघते. त्यांना फार काळ दूर ठेवता येत नाही, म्हणून स्वारांनाही दूर राहता येत नाही. ड्रॅगनांची वासनादेखील स्वारांच्या मनात उतरते. वैऱ्याजवळ जाण्याचा निर्णय व्हायोलेटला घ्यावाच लागत नाही. कथानक वेगवान होते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पोकळ होते.

असे असूनही या कादंबरीचा शेवट मास यांच्या शेवटापेक्षा प्रामाणिक आहे. झेडनने मोठे राजकीय सत्य लपवून ठेवल्याचे उघड होते तेव्हा ड्रॅगनांचा बंध तुटत नाही, पण विश्वास तुटतो. बंधाने सान्निध्य मिळते, विश्वास मिळत नाही, हा भेद येथे घटनेतून जाणवतो. तसेच व्हायोलेटचे सहज निखळणारे सांधे कोणत्याही जादूने कायमचे दुरुस्त होत नाहीत. तिला ड्रॅगनवर टिकून राहण्यासाठी खोगीर लागते. अद्भुताने देहाची अडचण नाहीशी न करता तिच्यासह जगण्याची रीत शोधली, हा या कादंबरीचा लक्षणीय विशेष आहे. भाषेविषयी मात्र असे म्हणता येत नाही. निवेदन आणि संवाद आजच्या अमेरिकी महाविद्यालयातून उचललेले वाटतात, आणि या जगाचा इतिहास पात्रे पाठ म्हणून म्हणून दाखवतात. ड्रॅगन वगळले तर या जगाला स्वतःचा असा वास नाही.

पलायनवादाचा आरोप येथे पुन्हा तपासून घ्यावा लागतो. परिकथांवरील १९३९ मधील व्याख्यानात टोल्किन यांनी कैद्याची सुटका आणि रणातून पळालेल्या सैनिकाचे पलायन यांत भेद केला होता. हा भेद एकाच कादंबरीच्या आतही लागू करता येतो. वाड्यातून फेयराची होणारी सुटका ही कैद्याची सुटका आहे. बंधाच्या आश्रयाने तिच्या पुढच्या निवडीचा प्रश्न मिटवणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) गेडने गर्वापोटी मोकळी सोडलेली छाया अखेर त्याला स्वतःच्याच नावाने हाक मारून स्वीकारावी लागते. तेथे अद्भुत व्यक्तीला तिच्या कृतीपासून सोडवत नाही, उलट त्या कृतीसमोर आणून उभे करते. अद्भुतकथेची ही क्षमता लक्षात घेतली, म्हणजे प्रणय-अद्भुत कादंबरीकडून अधिक मागण्याचा अधिकार वाचकाला आहे, हे मान्य व्हावे.

वाचकाच्या निःसंकोच अभिप्रायाला येथून समीक्षेचा निकष लाभतो. कादंबरीत जादू, शाप, बंध वा ड्रॅगन आहेत की नाहीत, यावर तिचे मोल ठरत नाही. पात्रांनी करावयाची कोणती कृती अद्भुताकडे सोपवली गेली आणि त्या सवलतीची भरपाई कथानकाने कोठे केली, हे पाहावे लागते. या निकषावर 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी'चा पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा श्रेष्ठ ठरतो, आणि 'फोर्थ विंग' तिच्या सपाट भाषेसह विचार करण्याजोगी ठरते. 'मंजुघोषा'सारख्या आरंभीच्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांनाही हाच प्रश्न विचारून पाहिला, तर ज्यांना वास्तवाची अपक्व पूर्वावस्था समजून बाजूला ठेवले गेले, त्या संहितांत त्या काळच्या दडपलेल्या इच्छांचा इतिहास वाचता येईल. त्यासाठी अभ्यासकाला प्रथम वाचकाइतकेच स्पष्ट बोलावे लागेल: कोठे मन रमले, आणि कोठे फसवले गेले.