गॉथिक मुद्राक्षरे आणि भयाची अभिव्यक्ती
भयपट व भयकथांच्या शीर्षकांसाठी घडविलेल्या ब्लॅकलेटर टंकांमागे, भय अक्षराच्या टोकदारपणातच वसते, असे गृहीतक दिसते. ते ग्राह्य धरणे कठीण आहे. गुटेनबर्गने सुमारे १४५५ मध्ये बायबल याच वळणात छापले. तत्कालीन वाचकास ते नित्याचेच होते. होरेस वॉल्पोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’च्या (१७६४) प्रस्तावनेत मूळ ग्रंथ १५२९ मध्ये नेपल्स येथे ब्लॅकलेटरमध्ये छापल्याची बतावणी केली, ती प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून. (तो ग्रंथ अर्थातच काल्पनिक.) भय उपजते ते या काळाच्या अंतरातून. अक्षरांना रक्ताचे ओघळ जोडणाऱ्यांना याचे भान नसते. शिवाय संपूर्ण शीर्षक कॅपिटल अक्षरांत जुळवल्याने लहान अक्षरांची दाट, उभी वीण नाहीशी होते आणि शब्द धड वाचताही येत नाही.