दिवटीतले तेल : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अंतकाळ आणि सिद्धता

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आपल्याकडे बहुधा तीन अंगांनी होत आली आहे. धर्मांतराची कथा, संतकाव्याशी असलेले नाते आणि भाषेची घडण ही ती तीन अंगे होत. या चर्चेत एक गाभ्याचा प्रश्न बाजूला राहिला आहे, असे मला वाटते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाला एक आरंभ आहे आणि एक अंत आहे. ख्रिस्त एकदा आला, तो पुन्हा येईल, जिवंतांचा व मृतांचा न्याय होईल आणि त्या घटकेसाठी माणसाने सिद्ध राहिले पाहिजे. ही श्रद्धा त्या धर्माच्या मूळ मतांगीकारातच आहे. युगामागून युग आणि प्रलयामागून पुन्हा सृष्टी असा काळाचा विचार करणाऱ्या समाजाच्या भाषेत ही एकमार्गी काळाची कल्पना आली तेव्हा तिचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘अंतकाळ’ हा मराठीतला जुना शब्द. त्याचा अर्थ जगाचा शेवट असा नाही. एका माणसाचा मृत्युसमय असा आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात आणि त्यावरील ज्ञानेश्वरांच्या निरूपणात अंतकाळीच्या स्मरणाचा विचार आहे. ते स्मरण त्या क्षणी अचानक साधत नाही, आयुष्यभराच्या अभ्यासानेच साधते, हे त्या विचाराचे सार. म्हणजे ‘सिद्धता’ ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हती; फक्त ती एकेका जीवाची होती, साऱ्या जगाची नव्हती. ‘पुनरागमन’ हा दुसरा शब्द. गणपतीच्या उत्तरपूजेत देवाने पुन्हा यावे अशी प्रार्थना केली जाते आणि तो पुढल्या भाद्रपदात येतो. मराठी कानाला पुनरागमन म्हणजे दरवर्षी घडणारे येणे. ख्रिस्ती अर्थाने ते एकदाच घडायचे आहे, आणि त्यानंतर वर्षेच उरायची नाहीत. शब्द तोच, परंतु त्यामागचा काळ निराळा. मराठी ख्रिस्ती लेखकाला हे दोन्ही शब्द वापरताना त्यांच्यातल्या जुन्या अर्थाशी झगडावे लागले, आणि पुष्कळदा जुन्या अर्थाचीच सरशी झाली.

या झगड्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून होतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. मराठी वाचक त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून ओळखतो. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा आशय मात्र ‘जगात तारकाच्या आगमनाविषयी निरूपण’ असा आहे. ही दोन नावे शेजारी ठेवली की अडचण लक्षात येते. ‘आगमन’ हा शब्द पुढे जाणाऱ्या इतिहासाचा आहे, तर ‘पुराण’ हा सर्ग-प्रतिसर्गाच्या आवर्तनाचा. स्टीफन्स यांनी ग्रंथाचे ‘पैले’ आणि ‘दुसरे’ असे दोन भाग केले. पहिल्यात तारकाची प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात त्याचे येणे. पहिल्या भागातली प्रतीक्षा दुसऱ्यात सफळ होते, ही रचनाच वाचकाला काळ पुढे जातो असे शिकवते. ओवीचा परिचित संथ ओघ कायम ठेवून त्यांनी हा अपरिचित काळ तिच्यात बसवला. हे त्यांचे वाङ्मयीन यश भाषास्तुतीच्या त्यांच्या सुप्रसिद्ध ओव्यांपेक्षा कमी मोलाचे नाही.

एकोणिसाव्या शतकात सूर बदलतो. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘अरुणोदय’. दोन्ही नावांत उदय आहे. या पिढीला रात्र सरली, उजाडले असे वाटत होते. ज्याला उजाडले असे वाटते तो मध्यरात्री येणाऱ्या वराची वाट पाहत नाही. विधवांची दुःखे, मूर्तिपूजा, जातिभेद यांवर तुटून पडणाऱ्या या गद्यात अंतकाळाला मध्यवर्ती स्थान मिळाले नाही, याचे एक कारण मला या प्रभातीच्या आत्मविश्वासात दिसते. त्याच सुमारास अमेरिकेत याच्या अगदी उलट घडत होते. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या येण्याची तारीख मानली; दिवस आला, गेला आणि हजारोंची निराशा झाली. तारीख काढण्याचा मोह जुनाच आहे. थेस्सलनीकातील काही जण कामधंदा सोडून रिकामे फिरू लागले तेव्हा पौलाला पत्रातून त्यांची कानउघाडणी करावी लागली होती. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे शुभवर्तमानच सांगते.

शुभवर्तमान तारखेऐवजी दृष्टांत देते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दृष्टांत मराठी वाचकाला जितका जवळचा वाटेल तितका तो एखाद्या इंग्रज वाचकाला वाटेल की नाही, याची शंका आहे. वराला सामोरे जाणे म्हणजे काय, हे सीमांतपूजन पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. वऱ्हाडाला उशीर होणे हाही आपल्या नित्याच्या अनुभवाचा भाग. गोंधळातली दिवटी आणि तिच्या सोबतीची तेलाची बुधली ही तर त्या दृष्टांताचीच सामग्री आहे. नुसती दिवटी घेऊन निघालेला फसतो, बुधली बरोबर असणारा तरतो. कोजागरीच्या मध्यरात्री लक्ष्मी कोण जागे आहे असे विचारत फिरते, हीसुद्धा आपल्या घरची कल्पना. मात्र दृष्टांत येथे एक वळण घेतो आणि ते निसटू देता कामा नये. वराला उशीर झाल्यावर दहाही कुमारींना झोप लागते. शहाण्या पाचही झोपतात. सिद्धता म्हणजे डोळ्यांत तेल घालून केलेले भयभीत जागरण नव्हे. आधी भरून ठेवलेली बुधली होय. ते तेल ऐन वेळी उसने मिळत नाही, कारण ते आयुष्याने साठवलेले असते. येथे हा दृष्टांत आठव्या अध्यायातील अभ्यासाच्या विचाराला भेटतो.

ही भेट मराठी काव्यात ज्यांनी घडवली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. हा लेख रायपूरच्या पुरानी बस्तीत लिहिला जात आहे, म्हणून टिळकांच्या आयुष्यातील छत्तीसगडाचा धागा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. भोसल्यांच्या अमलाबरोबर या प्रदेशात मराठी कुटुंबे आली. दूधाधारी मठ आणि महामाया मंदिर यांच्या परिसरात मराठी अभंग आणि तुलसीचे रामचरितमानस एकाच कानाने ऐकणारा वाचक तयार झाला. येथून सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथल्या संस्थानाच्या नोकरीसाठी १८९३ मध्ये नागपूरहून आगगाडीने जाताना टिळकांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांच्या आयुष्यात एक मुदतीचे भाकीत खरे ठरले होते. दुसऱ्या एखाद्याने त्यावर साऱ्या श्रद्धेची इमारत उभी केली असती. टिळकांना मात्र राजनांदगावच्या मुक्कामात वाचलेल्या डोंगरावरील प्रवचनाने जिंकले होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून ते आत आले आणि भाकिताला त्यांनी आठवणीपुरतेच स्थान दिले.

‘अभंगांजली’तील टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरू म्हणतात, त्याच्या भेटीची तळमळ व्यक्त करतात. ही प्रतीक्षा वारकऱ्याची आहे. तिच्यात विरह आहे, आर्तता आहे, आणि तिचे फळ दर्शन आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही स्थान दिले. देवाचे राज्य येणार आहे, या वाक्यातला भविष्यकाळ त्यांनी वर्तमानकाळात आणला. दरबार भरलेलाच आहे, आपण आत जायचे! या कल्पनेचे सौंदर्य आणि औदार्य मान्य करूनही टीकाकाराने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दरबारात दर्शन होते, तसाच न्यायही होतो. टिळकांच्या दरबारात दर्शनाला प्राधान्य मिळाले आणि न्याय मागे सरला. विरहाच्या भाषेत अंतकाळ भक्ताच्या आणि देवाच्या भेटीचा क्षण होतो. ज्यांच्यावर जगात अन्याय झाला त्यांचे काय, हा प्रश्न त्या भाषेत सहसा उभा राहत नाही. भक्तिपरंपरेने ख्रिस्ती काव्याला घर दिले, आणि घराबरोबर त्याच्या भिंतीही दिल्या.

या भिंतींपलीकडे जाण्याची वाट पंडिता रमाबाईंच्या कार्यात आणि लेखनात दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे त्या वेळी रायपूर ज्याचा भाग होते त्या प्रांतात, आल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा यांना त्यांनी आश्रय दिला. त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. १९०५ मध्ये त्याच केडगावात पश्चात्ताप, अश्रू आणि सामुदायिक प्रार्थना यांची मोठी लाट उसळली. तिच्या वार्ता जगभर पोहोचल्या, आणि अंतिम काळातील पवित्र आत्म्याची वृष्टी म्हणून अनेकांनी तिच्याकडे पाहिले. ज्या मुली तेथे रात्ररात्र प्रार्थना करीत होत्या त्यांतल्या कितीतरी जणींनी दुष्काळात एक प्रकारचा जगाचा अंत आधीच पाहिला होता, ही गोष्ट विसरून त्या लाटेचे मर्म कळणार नाही. याच अध्यायाच्या अखेरीस जो न्यायप्रसंग आहे त्यात राजा कोणालाही मतांगीकार विचारत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट घेतली काय, एवढेच तो पाहतो. रमाबाईंनी दृष्टांतातील तेलाचा हा अर्थ लावला होता, असे म्हणता येईल.

त्यांची बायबलची मराठी अनुवादरचनाही याच सिद्धतेचा भाग आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा आधार घेऊन, संस्कृतप्रचुर शैली टाळून, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल असे मराठी त्यांनी शोधले. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा मृत्यू झाला, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. या भाषांतराला काव्यगुण कमी, असा आक्षेप घेता येईल. परंतु न्यायाच्या दिवशी जिला उत्तर द्यायचे तिला प्रश्न कळलाच पाहिजे, ही त्यामागची निकड ध्यानात घेतली म्हणजे त्या साधेपणाचे मोल कळते.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात जगाच्या अंताची चर्चा नाही. तरीही सिद्धतेचे इतके सूक्ष्म चित्रण मराठीत अन्यत्र क्वचित सापडेल. पतीच्या धर्मांतरानंतरची वियोगाची वर्षे, संताप, हळूहळू होणारा पालट आणि माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे उमजल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय, हे सारे त्या विनोदाच्या अंगाने सांगतात. एका सोवळ्यातल्या बाईने मनाशी केलेला तो निश्चय म्हणजे तिच्यापुरता न्यायाचा दिवसच होता. फक्त तुतारी वाजली नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी आरंभले आणि अपुरे ठेवले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपल्या हयातीत पूर्ण होणार नाही हे माहीत असूनही काम चालू ठेवणे, हाही बुधली भरण्याचाच प्रकार आहे.

एक उणीव मात्र राहते. मराठी ख्रिस्ती समाजात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्यांची संख्या मोठी होती. वाङ्मयात प्रतिष्ठा मिळाली ती बव्हंशी उच्चवर्णीय लेखकांना. छत्तीसगडात ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये सतनामी समाजात काम आरंभले आणि वसवलेल्या गावाचे नाव विश्रामपूर ठेवले. श्रमलेल्यांच्या अंतिम विश्रामाची बायबलमधील कल्पना एका गावाच्या नावात आली. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग ख्रिस्ती वस्त्यांतही अशी प्रतीक्षा असणारच. परंतु जो अंत म्हणजे अन्यायाचा अंत, त्याची वाट पाहणाऱ्यांचा स्वर आपल्या छापील ख्रिस्ती काव्यात मंद आहे. भक्तीच्या विरहगीताने तो झाकला की तो नोंदवलाच गेला नाही, याचा शोध चर्चमधील गायनसंग्रह, उपदेश आणि मौखिक भजने तपासून घ्यावा लागेल.

२००० साल उजाडताना आणि पुन्हा २०१२ मध्ये जगबुडीच्या वार्तांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले होते. त्या तारखाही मिलर यांच्या तारखेसारख्याच मागे पडल्या. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे श्रेय असे की त्यातील उत्तम लेखन या तारखांच्या नादी लागले नाही. त्याने अंतकाळाचे भय दाखवण्यापेक्षा अंतकाळाला साजेसे जगणे दाखवले. स्टीफन्स यांनी या प्रतीक्षेला छंद दिला, टिळकांनी आर्तता दिली, रमाबाईंनी तिला दुष्काळातल्या मुलीच्या ताटापर्यंत नेले आणि लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात आणले. या चौघांना एकत्र वाचले तरच मराठीत ‘सिद्धता’ या शब्दाला आलेला नवा अर्थ पुरता हाती येतो. त्यांपैकी एकट्या टिळकांवर थांबलेले वाचन सुंदर असेल, पण ते अपुरे राहील.