अक्कलदाढ आणि ‘पुरेसा पुरावा नाही’

तुमच्यापैकी कितीजणांना दंतवैद्यांनी एक्स-रे दाखवून सांगितलंय, “दाढ आडवी आहे, आज दुखत नसली तरी काढून टाका”? मला गेल्या महिन्यात सांगितलं. घरी आले आणि सवयीप्रमाणे पेपर उघडून बसले.

या विषयात सगळे ज्याचा हवाला देतात तो म्हणजे कॉक्रेनचा रिव्ह्यू, २०२० ची आवृत्ती. निष्कर्ष असा: त्रास न देणारी, निरोगी पण अडकलेली अक्कलदाढ काढावी की ठेवावी, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. बरेचजण इथेच थांबतात आणि ‘विज्ञान म्हणतं काढू नका’ असं सांगत सुटतात. थांबा, तसं म्हटलेलं नाही.

आत काय आहे बघा. मोजून दोन अभ्यास, ४९३ माणसं. पहिली ब्रिटनमधली यादृच्छिक चाचणी. प्रश्न असा की दाढ ठेवली तर पुढचे दात वाकडे होतात का? फारसा फरक दिसला नाही. पण सुरुवातीला १६४ जण होते, पाच वर्षांनी हाती उरले ७७. निम्म्याहून जास्त गळाले तर निकालावर किती विसंबायचं? दुसरा अमेरिकेतला दीर्घ पाठपुरावा, फक्त पुरुषांचा. त्यात दाढ ठेवलेल्यांमध्ये शेजारच्या दाढेभोवती हिरडीचा आजार जास्त आढळला. पण हे निरीक्षण आहे, चाचणी नाही.

रिव्ह्यू प्रामाणिक आहे, खात्री ‘अत्यंत कमी’ असं स्वतःच लिहितो. माझी तक्रार वेगळी आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला जे हवं असतं, म्हणजे रोजच्या जगण्यावर काय परिणाम होईल, ते या दोन्हींपैकी एकाही अभ्यासात मोजलेलं नाही. पुढचे दात सरळ राहतील का, यापेक्षा खालचा ओठ बधिर होईल का, ही भीती मोठी असते.

आता धोरण बघू. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००० मध्ये सांगितलं, निरोगी दाढा उगाच काढू नका. त्यानंतर दहा वर्षांत तिथे दाढ काढणाऱ्यांचं सरासरी वय २५ वरून ३२ वर गेलं, आणि किडीमुळे काढण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे काहींची शस्त्रक्रिया टळली, काहींची नुसती पुढे ढकलली गेली, तीही वय वाढल्यावर, जेव्हा ती जास्त अवघड जाते.

त्यामुळे ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘विसरून जा’ असा घेऊ नका. रिव्ह्यूसुद्धा ठेवलेली दाढ नियमित तपासत राहा असंच सांगतो. मी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारल्या: शेजारची दाढ स्वच्छ आहे का, आणि मुळं नसेच्या किती जवळ आहेत? शेजारची स्वच्छ आहे, मुळं नसेला जवळजवळ टेकलेली आहेत. सध्या ठेवलीये. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि ती मी चुकवणार नाहीये.