बालगंधर्वांचे ध्वनिमुद्रित गायन
बालगंधर्वांचे ध्वनिमुद्रित गायन : मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७) यांची, मुख्यतः दर मिनिटास ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रित झालेली नाट्यपदे व भक्तिगीते. बालगंधर्वांना त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात रंगभूमीवर पाहिलेली पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. त्यामुळे त्यांच्या कलेविषयीचे आजचे मत एकीकडे आठवणीपर लेखनावर आणि दुसरीकडे या तबकड्यांवर आधारलेले आहे. पहिल्या साधनात गौरवाचा भाग मोठा असल्याने दुसऱ्या साधनाचे महत्त्व वाढते. तथापि तबकडी हा बालगंधर्वांच्या कलेचा पुरावा असला, तरी ती कला संपूर्णपणे तीत सामावलेली नाही. तिच्यातून काय हाती लागते व काय निसटते, हे पाहिल्यावाचून या ध्वनिमुद्रणांचे यथार्थ मूल्यमापन करता येत नाही.

पार्श्वभूमी : बालगंधर्वांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश केला. शकुंतला, सुभद्रा, मानापमानातील (१९११) भामिनी आणि विद्याहरणातील (१९१३) देवयानी या भूमिकांनी त्यांची कीर्ती झाली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. स्वयंवर (१९१६), एकच प्याला (१९१९), द्रौपदी (१९२०) व कान्होपात्रा (१९३१) ही या मंडळीची गाजलेली नाटके होत. म्हणजेच त्यांच्या कारकीर्दीचा बहर आणि भारतातील तबकडीयुगाचा उदय या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग हे १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या छापण्याची सोय भारतात नव्हती. येथे मुद्रित केलेले गाणे जर्मनीतील हॅनोव्हर येथील कारखान्यात छापले जाई आणि तयार तबकड्या बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही अडचण दूर झाली. तबकडीच्या द्रव्यातील लाख मात्र प्रथमपासून मुख्यत्वे भारतातूनच जात असे.

मुद्रणतंत्राचा परिणाम : प्रारंभीचे ध्वनिमुद्रण यांत्रिक पद्धतीचे होते. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गाई व आवाजाच्या आघाताने हलणारी सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरी. या पद्धतीत खर्जातील स्वर आणि अतितार स्वरांतील बारकावे हे दोन्ही क्षीण होत. यूरोपीय संगीतिकेतील ‘बास’ म्हणजे सर्वांत खर्जाच्या आवाजाच्या गायकांचे या तंत्राने फार नुकसान केले. त्यांच्या आवाजातील भार व घुमारा कर्ण्यात पोहोचतच नसे. उलट कारूसोसारख्या तार पुरुषी आवाजाला तेच तंत्र मानवले व १९०२ मध्ये मिलान येथे मुद्रित झालेल्या त्याच्या तबकड्यांनी ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळवून दिली. बालगंधर्वांचा आवाजही कर्ण्याला मानवणारा होता. तो मध्य व तार सप्तकांत सहज फिरणारा, बारीक पण भरीव आणि कृत्रिम स्त्रीकंठाचा आभास न करणारा असा होता. त्यामुळे यांत्रिक पद्धतीच्या मुद्रणांतही त्यांच्या आवाजाचा स्वभाव ओळखता येतो. तबला मात्र या मुद्रणांत दूरचा वाटतो. १९२५ नंतर मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत् ध्वनिमुद्रण जगभर रूढ झाले आणि काही वर्षांत ते भारतातही आले. कान्होपात्रेतील संतांच्या अभंगांची मुद्रणे या दुसऱ्या काळातील असून त्यांत श्वास, शब्दांचे अंत्यवर्ण व स्वरांवरील हळुवार आंदोलने अधिक स्पष्ट ऐकू येतात. दोन काळांतील मुद्रणे शेजारी ठेवून आवाज ‘बदलला’ असा निष्कर्ष काढताना त्यातील किती फरक वयाचा व किती यंत्राचा, हे ध्यानी घेणे आवश्यक आहे.

तीन मिनिटांची मर्यादा : दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गायन मावत असे. नाटकाचा प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, आणि एखादे पद ‘वन्समोअर’च्या गजरात पुनःपुन्हा गायिले जाई. प्रत्येक आवृत्तीत मुखड्याकडे येण्याची वाट निराळी असे, हे बालगंधर्वांचे वैशिष्ट्य समकालीनांनी आवर्जून नोंदविले आहे. तबकडीवर त्यांपैकी एकच, तीही आखडून घेतलेली, वाट उरली आहे. पण या मर्यादेची दुसरी बाजूही आहे. तीन मिनिटांत मुखडा, अंतरा, दोनचार आलापसदृश फिरती, एखादी लहान तान व समेवरचा विसावा हे सर्व त्यांनी इतक्या प्रमाणशीर रीतीने बसविले आहे, की पद अपुरे राहिले असे वाटत नाही. विस्तारात जे केवळ रसिकांच्या आग्रहाखातर येत असेल, ते येथे गळून पडले आहे. त्यांच्या रचनाबुद्धीचा प्रत्यय रंगभूमीवरील आठवणींपेक्षा तबकड्यांतूनच अधिक नेमका येतो.

गायनविशेष : या मुद्रणांतून प्रथम जाणवते ती लयीची पकड. शब्द तालाच्या मात्रेवर नेमका न ठेवता किंचित मागे रेंगाळत ठेवणे आणि समेला मात्र अचूक येणे, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे साध्या ठेक्यातील पदालाही बोलण्याची ऐट प्राप्त होते. दुसरा विशेष शब्दोच्चाराचा. जोडाक्षरे न तोडता व स्वरांची ओढ न सोडता ते शब्द उच्चारतात. तिसरा विशेष म्हणजे मींड, खटका व मुरकी यांचा अर्थानुसारी उपयोग. ही अलंकरणे क्वचितच केवळ शोभेसाठी येतात. रागशुद्धीपेक्षा भावशुद्धीला ते अधिक मान देतात, हा त्यांच्यावरचा आक्षेप व त्यांचा गौरव असा दोन्ही रीतींनी मांडला गेला आहे.

स्वयंवर नाटकातील पदांच्या मुद्रणांना याखेरीज ऐतिहासिक मोल आहे. या नाटकाचे संगीत भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकींची तालीम घेतलेल्या भास्करबुवांनी ख्यालाचे अंग नाट्यपदात आणले. ‘नाथ हा माझा’ (यमन), ‘मम आत्मा गमला’ (बिहाग) ही पदे त्याची ठळक उदाहरणे होत. स्वतः भास्करबुवांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या सांगीतिक विचाराचा जो काही श्राव्य पुरावा आज मिळतो, त्यात त्यांच्या या शिष्याच्या तबकड्यांचे स्थान मोठे आहे. तथापि येथे गुरूचे किती व शिष्याचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. ख्यालाची बैठक भास्करबुवांची आणि तिला दिलेला आर्जवी, स्त्रीसुलभ डौल बालगंधर्वांचा, इतके स्थूलमानाने म्हणता येईल. [⟶ नाट्यसंगीत].

प्रसंगापासून तुटलेले पद : तबकडीने पद जपले, परंतु ज्या प्रसंगात ते पद उमलते, तो प्रसंग मात्र जपला नाही. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला या नाटकातील सिंधूच्या पदांबाबत ही उणीव विशेष जाणवते. ही पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली आणि त्यांच्या अनेक चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. गझल व ठुमरीच्या वळणाच्या या चाली मुळातच मोहक आहेत. मद्यपी पतीच्या संसारात क्रमाने दारिद्र्याकडे जाणाऱ्या पतिव्रतेच्या तोंडी त्या आल्या, की चालीचे माधुर्य व प्रसंगाचे कारुण्य यांत एक ताण निर्माण होतो. फाटक्या लुगड्यातील सिंधू समोर असताना प्रेक्षकाला तो ताण जाणवत असणार. तबकडीवर मात्र केवळ माधुर्य उरते. शोकप्रसंगी बालगंधर्व फार गोड गात, या जुन्या टीकेचा निर्णय त्यामुळे तबकडी ऐकून करता येत नाही. ज्या अभिनयामुळे हे गाणे समर्थनीय ठरले असेल किंवा ठरले नसेल, तो अभिनयच येथे अनुपस्थित आहे.

या बाबतीत यूरोपीय संगीतिकेशी तुलना उद्‌बोधक ठरेल. जर्मन बास गायक गोट्‌लोप फ्रिक (१९०६–९४) यांच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध लाँग प्ले तबकड्यांच्या युगात आला. वाग्नरच्या गॉटरडेमरुंग या संगीतिकेतील हागेन या खलपात्राची त्यांची भूमिका गेओर्ग शोल्टी यांच्या संगीतनियोजनाखाली १९६४ मध्ये व्हिएन्ना येथे अथपासून इतिपर्यंत मुद्रित झाली. त्यांचा मोट्‌सार्टच्या द मॅजिक फ्लूटमधील सारास्त्रोही त्याच वर्षी ऑटो क्लेंपरर यांच्या नियोजनाखाली मुद्रित झाला. हागेनचा कावा कसा हळूहळू उघड होतो आणि कोणत्या वाक्यावर त्या काळ्याभोर आवाजाला धार चढते, हे चार तासांहून अधिक लांबीच्या या मुद्रणातून आजच्या श्रोत्याला पडताळून पाहता येते. म्हणजे तेथे गायकाबरोबर पात्रही टिकले. बालगंधर्वांची रुक्मिणी वा सिंधू अशी सलग मुद्रित झाली नाही. यात आणखी एक भेद आहे. यूरोपीय रंगभूमीवर आवाजाच्या जातीवरून भूमिका ठरते; राजा, पुरोहित वा खलपुरुष बासकडे जातो. मराठी रंगभूमीने आवाजाची अशी वर्गवारी केली नाही. गायक आपल्याच पट्टीत गाई आणि पात्राचा स्वभाव आवाजाच्या जातीऐवजी लगाव, शब्द व लय यांतून दाखवी. म्हणूनच पुरुषाच्या कंठातून निघालेली रुक्मिणी श्रोत्यांना विसंगत वाटली नाही.

अमुद्रित राहिलेले : ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त मानापमानचा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अद्वितीय मानला जातो. त्यात केशवराव भोसले धैर्यधराच्या व बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. केशवरावांचा चढा, आक्रमक आवाज आणि बालगंधर्वांचा लडिवाळ आवाज समोरासमोर आल्यावर काय घडले, याचे वर्णन पुष्कळ आहे, ध्वनिमुद्रण नाही. संपूर्ण नाट्यप्रयोग मुद्रित करण्याची सोय त्या काळी नव्हती. बोलपट आल्यावर बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) मध्ये संत एकनाथांची भूमिका केली आणि त्यानंतर साध्वी मीराबाई (१९३७) मध्ये ते स्त्रीभूमिकेत दिसले. परंतु तोवर त्यांचे वय पन्नाशीकडे झुकले होते व चित्रपटाचे तंत्र त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. त्यांच्या ऐन काळातील स्त्रीभूमिकेचे गद्य, हालचाल व गाणे एकत्र दाखविणारे साधन त्यामुळे मिळत नाही.

प्रभाव : प्रयोग गावोगावी पोहोचत नसत, तबकड्या पोहोचत. ज्यांनी गंधर्व मंडळीचे नाटक कधी पाहिले नव्हते, अशांनीही त्या ऐकून पदे आत्मसात केली. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. रंगभूमीवर दर प्रयोगागणिक बदलणारे पद तबकडीमुळे एका रूपात स्थिर झाले आणि तेच रूप प्रमाण ठरले. एका दिवशी कर्ण्यासमोर सुचलेली हरकत पुढच्या पिढीने चालीचा अविभाज्य भाग मानली. गोहर कर्नाटकी यांच्या गायनावर बालगंधर्वांची छाप इतकी दाट होती, की पुढे त्या त्यांच्याच मंडळीत भूमिका करू लागल्या. छोटा गंधर्व, जयराम शिलेदार व जयमाला शिलेदार यांनी ही परंपरा रंगभूमीवर चालविली. कुमार गंधर्वांनी (१९२४–९२) मात्र ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातून व ध्वनिमुद्रिकेतून निराळा मार्ग दाखविला. त्यांनी हरकतींची नक्कल टाळून त्यांमागील विचार घेतला आणि तो आपल्या कंठाच्या धर्मानुसार मांडला. तबकडी अनुकरणासाठी की आकलनासाठी, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. बालगंधर्व (२०११) या चित्रपटात आनंद भाटे यांनी गायिलेल्या पदांमुळे ही गायकी नव्या श्रोत्यांपर्यंत गेली.

पुनर्मुद्रण व जतन : लाँग प्ले तबकडी, ध्वनिफीत, कॉम्पॅक्ट डिस्क अशा माध्यमांतून ही गाणी पुनःपुन्हा निघाली. या पुनर्मुद्रणांत दोन दोष संभवतात. पहिला वेगाचा. जुन्या सर्व तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. वेग सु. सहा टक्क्यांनी वाढला, तर स्वर अर्ध्या स्वराने चढतो आणि लयही तितकीच द्रुत होते. त्यामुळे गायकाचा आवाज होता त्याहून बारीक व तरुण भासतो. साथीच्या ऑर्गनची पट्टी ठरीव असल्याने तिच्या आधारे मूळ वेगाचा अंदाज बांधता येतो. पण ही दक्षता प्रत्येक वेळी घेतली जातेच असे नाही. दुसरा दोष खरखर काढण्याच्या अतिरेकाचा. खरखरीबरोबर आवाजाची धार व शब्दांतील ऊष्मवर्णही पुसले जातात. जुन्या तबकड्या जपण्याचे बरेचसे श्रेय खाजगी संग्राहकांकडे जाते. मुद्रणाचे वर्ष, तबकडीचा क्रमांक व साथीदार यांची माहिती गाण्यासोबत प्रसिद्ध होणे अभ्यासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे. तिच्यावाचून पंचविशीतील व पन्नाशीतील बालगंधर्व एकाच पंक्तीत बसतात आणि त्यांच्या कलेचा विकास कळेनासा होतो.

मूल्यमापन : बालगंधर्वांच्या तबकड्यांनी त्यांच्या गायनाला स्थैर्य दिले व नाट्यपदाला नाटकाबाहेर स्वतंत्र जीवन मिळवून दिले. आजचे मैफलीतील नाट्यसंगीत बऱ्याच अंशी या तबकड्यांचे अपत्य आहे. मात्र त्याचमुळे नाट्यपद म्हणजे सुटे, सुंदर गाणे असा समज दृढ झाला आणि नाट्याचे भान मागे पडले. ज्या कलावंताची थोरवी गाणे व भूमिका यांच्या एकजीवतेत होती, त्याची स्मृती केवळ गाण्यावर उभी राहिली. ही तबकडीची मर्यादा आहे, कलावंताची नव्हे. नाटकाची संहिता समोर ठेवून, पात्र व प्रसंग ध्यानी घेऊन ही पदे ऐकल्यास एरवी केवळ मधुर वाटणारी एखादी फिरत पात्राच्या बोलण्याचाच भाग होती असे अनेकदा आढळते. अशा श्रवणानेच या ध्वनिमुद्रणांचे खरे मोल कळू शकते.