बोटभर स्वारांची पागा

परदेशात मराठी कला जपली म्हटलं की ढोल-ताशा, लेझीम, नाटक एवढंच डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनमधल्या आपल्या मंडळातले काही सभासद मात्र गाजावाजा न करता वेगळीच कला जोपासत आहेत. ते बोटभर उंचीचे मराठी घोडेस्वार रंगवतात.

या छंदाला इथली जमीन मानवते. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी शिशाचे सैनिक आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि शिपाई घरोघरी पोचले. आज २८ मिलिमीटरच्या आकृत्या जास्त चालतात. अनेकांचा ओढा नेपोलियनच्या पलटणींकडे असतो. तिथे गणवेश ठरलेला, म्हणजे एका स्वाराचा रंग जमला की पुढचे सगळे त्याच मापाचे.

मराठी स्वार रंगवताना ही सोय नाही. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार घोडा आणि हत्यारं स्वतःची आणी. मग पागोटं, अंगरखा, शेला, खोगीर सगळं स्वारागणिक वेगळं. घोडेही एकरंगी चालत नाहीत. कुमाईत घोड्याला आधी लालसर तपकिरी रंग देतात. त्यावर पाण्यासारखा पातळ केलेला काळा सोडला की तो स्नायूंच्या खाचांत उतरतो. तो वाळला की जवळजवळ कोरडा ब्रश पुठ्ठ्यावरून आणि बरगड्यांवरून फिरवायचा, म्हणजे उंचवटे उजळतात. आयाळ, शेपूट काळी. घोडा पंचकल्याणी हवा असेल तर चारी पाय आणि कपाळ पांढरं.

शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीवरच्या सभासद बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही आहे. आपल्या मंडळींच्या पागेत हे दोघे आवर्जून आहेत. तलवारी सगळेच रंगवतात, पण पाणी आणि नाल यांच्याशिवाय फौज एक मजलही चालत नाही, हे ज्याला कळलं त्यानेच इतिहास नीट वाचला, असं मला वाटतं.

येत्या दिवाळीत मंडळाच्या किल्ल्यासमोर ही पागा मांडावी आणि शेजारी एक टेबल, रंग, ब्रश मुलांसाठी ठेवावेत, ही कार्यकारिणीला विनंती. पालकांनो, मुलांना घेऊन या. ब्रश त्यांच्याच हाती द्या.