बाजार कोणी चालवायचा?

शेकडो माणसे, बहुतेक एकमेकांना न भेटलेली, मिळून संगणकाची एक आज्ञावली लिहितात आणि ती उत्तम चालते. हे कसे घडते, असे अकरावी-बारावीचा विद्यार्थी विचारतो तेव्हा आपण त्याच्या हाती बहुधा एकच निबंध देतो : एरिक रेमंड यांचा ‘द कॅथेड्रल अँड द बझार’. १९९७ साली जर्मनीतील एका परिषदेत तो प्रथम वाचला गेला आणि १९९९ मध्ये त्याचे पुस्तक झाले. आम्ही तो नुकताच पुन्हा वाचला. भाषा चटकदार, उदाहरणे स्वतः करून पाहिलेली. तरीही यावेळी एक गोष्ट सारखी खटकत राहिली.

रेमंड म्हणतात, आज्ञावली दोन प्रकारे बांधता येते. मोजक्या कारागिरांनी आडोशाला बसून भव्य चर्च बांधावे तशी, किंवा गजबजलेल्या बाजारासारखी, जिथे कोणीही यावे आणि आपला माल मांडावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स दुसऱ्या प्रकारचे. मूळ आज्ञावली सर्वांना खुली ठेवली आणि पाहणारे डोळे पुष्कळ असले की चुका लपून राहत नाहीत, हे निबंधाचे मुख्य सूत्र आहे.

चुकांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. फळ्यावर गुणाकार चुकला तर चाळीस मुलांपैकी कोणीतरी हात वर करतेच, आणि मग वाद उरत नाही. पण सहल कोठे न्यायची, हे त्याच चाळीस डोक्यांना विचारून पाहा! तेथे बरोबर उत्तर आधीपासून ठरलेले नसते. आज्ञावली कोणत्या दिशेने वाढवायची हा प्रश्न सहलीच्या जातीचा आहे, गुणाकाराच्या नव्हे. रेमंड हे दोन्ही एकाच तराजूत घालतात.

निबंध वाचला गेला त्याच वर्षी याचा दाखला मिळाला. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘जीसीसी’ हा असाच एक खुला कंपायलर. तो फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली होता. त्याचे राखणदार सावध होते. असंख्य प्रकारच्या यंत्रांवर चालणारे साधन अस्थिर होऊ नये, ही त्यांची चिंता रास्तच म्हणायला हवी. दुसऱ्या गटाला सी प्लस प्लस, फोर्ट्रान आणि नव्या पेंटियम यंत्रांसाठीच्या सुधारणा लवकर आत यायला हव्या होत्या. (आमच्यासारख्या फोर्ट्रानवर पोट असणाऱ्यांची सहानुभूती कोणाकडे, हे सांगायला नको.) दोन्ही बाजूंना आज्ञावली नीट दिसत होती. डोळ्यांची वाण कोणालाच नव्हती.

ऑगस्ट १९९७ मध्ये दुसऱ्या गटाने आज्ञावलीची प्रत घेऊन ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली. तिच्यावर कोणा एका कंपनीची सत्ता राहू नये म्हणून एक सुकाणू समिती नेमली. मात्र नव्या लिखाणाचे स्वामित्वहक्क फाउंडेशनकडेच सोपवणे चालू ठेवले. घर सोडले, पण दाराला कडी घातली नाही. एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने याच मंडळींकडे जीसीसीचा अधिकृत कारभार दिला आणि दोन चुली पुन्हा एक झाल्या.

प्रत्येक वेळी असे होत नाही. ओरॅकल कंपनीने सन कंपनी विकत घेतल्यावर, सप्टेंबर २०१० मध्ये ‘ओपनऑफिस’मधील अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि ‘लिब्रेऑफिस’ सुरू झाले. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला दिले. दोघांचे परवाने वेगळे राहिले. लिब्रेऑफिसला अपाचीकडचे लिखाण घेता येते, उलट दिशेने मात्र वाट बंद. आपण शाळेत प्रश्नपत्रिका टाइप करतो तेव्हा या दोन नावांपैकी कोणते निवडावे हा गोंधळ होतो, त्याचे मूळ येथे आहे.

म्हणजे भांडणाचा शेवट कसा होणार, हे डोळ्यांच्या संख्येपेक्षा परवाना, स्वामित्वहक्क आणि समिती यांवर अधिक अवलंबून होते. रेमंड समन्वयकाच्या अंगी कोणते गुण हवेत ते सांगतात. त्याला अधिकार कोण देतो आणि तो काढून कसा घ्यायचा, यावर या निबंधात जवळपास मौन आहे. १९९८ च्या ‘होमस्टेडिंग द नूस्फिअर’ या पुढच्या निबंधात त्यांनी मालकीचे संकेत आणि फाटाफुटीविषयीची नावड यांची चर्चा केली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. पण तो फारसा कोणी वाचत नाही, आणि त्यातही भर रूढींवर आहे, लेखी नियमांवर नाही.

आणि ‘बाजार’ ही उपमा तरी? आपल्या गावचा आठवडे बाजार ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असते की भाजीवाल्यांची रांग कोठे आणि जनावरे कोठे हे ठरलेले असते, आणि सकाळीच कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन फिरते. रेमंड यांच्या बाजारात तो पावतीवाला कोठेच दिसत नाही. विद्यार्थ्यांना निबंध जरूर द्यावा, सोबत जीसीसीची ही हकीकतही द्यावी, आणि पावतीवाला शोधायला सांगावे.