बोलणं कमी, भिंती जास्त

दिवाळीच्या साफसफाईत धुळ्याच्या घरातलं फडताळ रिकामं करायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. जळगावच्या बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्यानं घरी येऊन झुरळं मोजावीत, असा आईचा हिशेब असावा. यंदा लोणच्याच्या बरण्यांखाली १९७६ सालचा वर्तमानपत्राचा कागद निघाला. त्यावर तेलाचा डाग आणि डागात सरकारी घोषणा: 'बातें कम, काम ज्यादा'.

मी कॉमर्सवाला. समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. पण जमाखर्च कळतो. आणीबाणीच्या वाङ्मयाचा ताळेबंद काही केल्या जुळत नाही. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ असे एकवीस महिने 'कमी बोला' हे सांगण्यासाठी सरकार भिंतींवरून, रेडिओवरून अखंड बोलत होतं!

दुसरी घोषणा: 'कड़ी मेहनत, दूरदृष्टि, पक्का इरादा, अनुशासन'. यात कर्ता नाही, क्रियापद नाही. तरी वाटणी वाचणाऱ्याला बरोबर कळायची. दूरदृष्टी दिल्लीची, मेहनत आपली.

काँग्रेसाध्यक्ष देवकांत बारुआ तर म्हणाले, 'इंदिरा इज इंडिया'. आमच्याकडे साधं जॉइंट खातं उघडायलाही दोघांच्या सह्या लागतात. इथं इंडियाची सही घेतल्याची नोंद कुठं सापडत नाही.

पण कळस केला तो 'अनुशासन पर्वा'नं. हे शब्द विनोबांचे. १९३२ साली विनोबा आमच्या धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं दर रविवारी ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. इंग्रजांच्या तुरुंगात अठराच्या अठरा अध्याय पुरे झाले. १९७५ साली ते पवनारला मोकळे होते, पण वर्षभराच्या मौनात. त्या मौनातून आलेले हे दोनच शब्द सरकारनं उचलले आणि देशभर लावले. २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर विनोबांनी अर्थ सांगितला: सत्ता चालवते ते शासन, आचार्य देतात ते अनुशासन. एवढा खुलासा पोस्टरवर मावला नसावा. निदान महाभारत तरी उघडायचं! तिथल्या अनुशासनपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म बोलतात आणि राजा ऐकतो.

हे सगळं मी अण्णांना खदखदून हसत ऐकवलं. अण्णाही हसले. पण हसण्याआधी ते उठले आणि त्यांनी दार लोटलं.

"अण्णा, कोण ऐकतंय आता?"

"अरे, सवय रे. गल्लीतल्या मास्तरांना मिसाखाली नेलं, तेव्हापासूनची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही भाषा एवढी हास्यास्पद होते, कारण तिच्या तोंडावर हसायची कुणाला सोय नसते. बायकोसमोर आपण एकदा 'राष्ट्रहितार्थ' म्हणून पाहावं. पुन्हा म्हणणार नाही. सरकारला त्या एकवीस महिन्यांत अशी बायको नव्हती. लोक हसले, पण दार लोटून. आणि १९७७ च्या मार्चमध्ये मतपेटीशी उभं राहून.

"फेक तो कागद," आई म्हणाली.

मी तो परत फळीवर अंथरला. दार मात्र उघडलं. अण्णांनी ते पुन्हा लोटलं.